प्रतिद्रव्य आणि कृष्णद्रव्य यांचा संभाव्य संबंध

विश्वाच्या जमाखर्चात आज दोन ठळक विसंगती आढळतात. पहिली अशी की, प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या नियमांप्रमाणे ऊर्जेपासून द्रव्य व प्रतिद्रव्य ही नेहमी जोडीनेच उत्पन्न व्हावयास हवीत. प्रत्यक्षात मात्र जेथे जेथे दुर्बीण वळवावी तेथे तेथे द्रव्यच आढळते व प्रतिद्रव्याचा मागमूस जवळजवळ लागत नाही. दुसरी अशी की, दीर्घिकांच्या आणि दीर्घिकासमूहांच्या गतीवरून जे वस्तुमान निघते, ते उपकरणांना दिसणाऱ्या द्रव्याच्या कितीतरी पट भरते. एका खात्यात यावयाची रक्कम आलेली नाही. दुसऱ्या खात्यात असलेल्या रकमेचा धनी कळत नाही. तेव्हा हरवलेले प्रतिद्रव्य हेच तर न दिसणारे कृष्णद्रव्य नव्हे ना, अशी शंका पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यास येणे अगदी स्वाभाविक आहे. तिचे सरळ उत्तर ‘नाही’ असेच आहे. परंतु हे उत्तर कोणत्या कारणांनी द्यावयाचे ते नीट पाहिले, म्हणजे त्या कारणांतूनच दोहोंच्या खऱ्या संबंधाकडे जाणाऱ्या दोन वाटा निघतात असे दिसून येते. आणि त्या दोन वाटा एकाच मुक्कामी जाणाऱ्या नाहीत, ही यातील महत्त्वाची गोष्ट होय.

प्रतिद्रव्याची कल्पना प्रथम समीकरणातून आली. पॉल डिरॅक यांनी १९२८ मध्ये इलेक्ट्रॉनचे सापेक्षतेशी सुसंगत असे समीकरण मांडले, त्यातून ऋण ऊर्जेची उत्तरे निघू लागली, आणि १९३१ मध्ये त्यांनी इलेक्ट्रॉनइतक्याच वस्तुमानाच्या पण धन विद्युद्भाराच्या कणाचे भाकीत केले. पुढच्याच वर्षी कार्ल अँडरसन यांना विश्वकिरणांच्या अभ्यासात मेघकोठीमध्ये या कणाचा मार्ग आढळला. १९३६ मध्ये होमी भाभा यांनी इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या परस्पर प्रकीर्णनाचे गणित प्रसिद्ध केले. हे भाभा-प्रकीर्णन आजही कणसंघातक यंत्रांत आघातांचे प्रमाण मोजण्याचे विश्वसनीय साधन आहे. प्रतिप्रोटॉन सापडण्यास मात्र १९५५ साल उजाडावे लागले. बर्कली येथील बेव्हॅट्रॉन यंत्राने प्रोटॉनांना सुमारे ६.२ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा दिली, तेव्हा सेग्रे, चेंबरलेन व त्यांचे सहकारी यांना तो मिळाला. इतकी ऊर्जा का लागली हा प्रश्न पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

प्रतिद्रव्याचे जे गुणधर्म आतापर्यंत मोजले गेले आहेत, त्यांत ‘कृष्ण’ म्हणावे असे काहीही नाही. कृष्णद्रव्य हे नावच थोडे फसवे आहे. काळी वस्तू प्रकाश शोषून घेते. कृष्णद्रव्य प्रकाश सोडतही नाही, शोषीतही नाही व अडवीतही नाही, म्हणून त्यास पारदर्शक द्रव्य म्हणणे अधिक यथार्थ झाले असते. याउलट प्रतिद्रव्याचे घटक विद्युद्भारित आहेत, आणि जो कण विद्युद्भारित आहे तो प्रकाशाशी व्यवहार करणारच. प्रकाशाचा कण स्वतःच आपला प्रतिकण असल्यामुळे प्रतिद्रव्यापासून निघणारा प्रकाश वेगळ्या जातीचा नसतो. सर्न येथील अल्फा प्रयोगात २०१६ मध्ये प्रतिहायड्रोजनच्या वर्णपटातील एक रेषा प्रथमच पाहण्यात आली आणि २०१८ मध्ये ती हायड्रोजनच्या रेषेशी १ लाख कोटी भागांत २ भाग इतक्या अचूकतेने जुळत असल्याचे दिसले. प्रतिद्रव्याचा तारा असता तर तो साध्या ताऱ्याप्रमाणेच तळपला असता आणि केवळ त्याच्या प्रकाशावरून त्याची जात ओळखता आली नसती.

प्रतिद्रव्याचे गुरुत्वाकर्षण उलटे असेल व त्यामुळे दीर्घिकांच्या गतीतील कोडे सुटेल, अशीही एक सूचना मधूनमधून पुढे येत असे. २०२३ मध्ये त्याच प्रयोगशाळेतील अल्फा-जी उपकरणात प्रतिहायड्रोजनचे अणू सापळ्यातून सोडून देण्यात आले. ते खालीच पडले. मोजलेले त्वरण नेहमीच्या गुरुत्वीय त्वरणाच्या ०.७५ पट भरले, आणि मापनातील अनिश्चितता पाहता ते १ या मूल्याशी सुसंगत आहे. उलट्या गुरुत्वाकर्षणाचा आधार यामुळे गेला.

दुसरा व अधिक निर्णायक आक्षेप विलोपनाचा होय. द्रव्य व प्रतिद्रव्य एकत्र आली की दोन्हींचा लोप होऊन गॅमा किरण निघतात. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन संथ असता भेटले तर प्रत्येकी ५११ हजार इलेक्ट्रॉन व्होल्टचे दोन प्रकाशकण उमटतात. प्रोटॉन व प्रतिप्रोटॉन भेटले तर पायॉन कण निर्माण होऊन त्यांपासून याहून शंभरपटींनी अधिक ऊर्जेचे गॅमा किरण मिळतात. दीर्घिकांमधील जागा रिकामी नाही. तेथे विरळ वायू पसरलेला आहे, आणि कृष्णद्रव्य तर दीर्घिकांच्या अंतर्भागातच व सभोवती दाटलेले असते. ते प्रतिद्रव्य असते तर आपली आकाशगंगा गॅमा किरणांत आज दिसते त्यापेक्षा कितीतरी तेजस्वी दिसली असती. किंबहुना ती आजवर टिकलीच नसती. द्रव्याचे व प्रतिद्रव्याचे प्रदेश एकमेकांपासून दूर असतील असे मानले तरी त्यांच्या सीमा कोठेतरी भिडणारच. कोहेन, द रुखुला आणि ग्लॅशो यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की, असे प्रदेश असल्यास त्यांचा विस्तार दृश्य विश्वाच्या विस्ताराशी तुल्य असला पाहिजे. एरवी सीमांवरील विलोपनाचे किरण आपल्या उपकरणांत आलेच असते. २०२१ मध्ये फर्मी उपग्रहाच्या सूचीतील ५७८७ गॅमा-उगम चाळून, प्रतिद्रव्याचा तारा असू शकतील असे केवळ १४ उगम बाजूला काढता आले. आणि त्यांचाही उलगडा इतर कारणांनी होणे अधिक संभवनीय आहे.

तिसरा आक्षेप विश्वाच्या बाल्यावस्थेतून येतो. सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारणात जे सूक्ष्म तापमानभेद आहेत, ते प्रारणाच्या दाबाने मागेपुढे हेलावणाऱ्या द्रव्याची जणू नोंदच होत. प्रारणाचा दाब विद्युद्भारित द्रव्यावर पडतो, कृष्णद्रव्यावर पडत नाही. म्हणून या नोंदीवरून दोहोंचे प्रमाण वेगवेगळे काढता येते. प्लांक उपग्रहाच्या २०१८ च्या निष्कर्षांप्रमाणे विश्वाच्या एकूण ऊर्जेत साध्या द्रव्याचा वाटा सुमारे ४.९ टक्के व कृष्णद्रव्याचा सुमारे २६.५ टक्के आहे. प्रतिप्रोटॉन हाही प्रारणाच्या दाबाखाली हेलावणाराच कण असल्यामुळे विखुरलेल्या स्वरूपातील प्रतिद्रव्य या ४.९ टक्क्यांतच मोजले गेले असते, २६.५ टक्क्यांत त्यास जागा नाही.

येथवर नकाराची बाजू झाली. आता तिच्याच आतून निघणारी पहिली वाट पाहू.

कृष्णद्रव्याचा कण कोणताही असो, त्यास प्रतिकण असणारच. परंतु तो प्रतिकण वेगळा असलाच पाहिजे असे नाही. प्रकाशकण व उदासीन पायॉन हे स्वतःचेच प्रतिकण आहेत, आणि इलेक्ट्रॉनसारखी फिरकी असलेल्या उदासीन कणांच्या बाबतीतही असे होऊ शकते हे एत्तोरे मायोराना यांनी १९३७ मध्ये दाखविले. कृष्णद्रव्याचा कण असा असेल तर तो आपल्याच भावंडाला भेटताच विलोप पावेल. प्रारंभीच्या तप्त विश्वात असे कण सतत निर्माण होत व सतत नष्ट होत. तापमान उतरले तशी निर्मिती थांबली, विलोपन चालू राहिले, आणि विश्वाच्या प्रसरणामुळे कण परस्परांना भेटेनासे झाले तेव्हा तेही थांबले. जे उरले ते कृष्णद्रव्य. यात गंमत अशी की, विलोपन जितके जोमाचे तितका शिलकी साठा कमी. आजचा साठा जुळण्यासाठी विलोपनाचा जो वेग लागतो, तो अणुगर्भातील दुर्बल आंतरक्रियेच्या जातीच्या कणांकडून सहज अपेक्षिता येण्याजोगा निघतो. या जुळणीने चाळीस वर्षे संशोधकांना भुरळ घातली आहे. प्रतिद्रव्य कृष्णद्रव्य होऊ शकत नाही असे जी क्रिया सांगते, तीच क्रिया या उपपत्तीत कृष्णद्रव्याचे प्रमाण ठरविते.

असे असेल तर जेथे कृष्णद्रव्य आजही दाट आहे तेथे विलोपन अल्प प्रमाणात चालू असले पाहिजे, व त्यातून द्रव्याचे आणि प्रतिद्रव्याचे कण सारख्याच संख्येने बाहेर पडत असले पाहिजेत. द्रव्याचे कण साध्या विश्वकिरणांच्या गर्दीत हरवतील. परंतु प्रतिकण मुळातच दुर्मिळ असल्यामुळे ते उठून दिसतील. प्रतिद्रव्य म्हणजे कृष्णद्रव्य नव्हे, पण प्रतिद्रव्य हा कृष्णद्रव्याचा साक्षीदार असू शकेल, असा हा पहिला संबंध आहे.

या साक्षीदाराची उलटतपासणी गेली वीस वर्षे चालू आहे. २००६ मध्ये अंतराळात गेलेल्या पामेला उपकरणाने मोजलेले निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. विश्वकिरणांतील प्रोटॉन आंतरतारकीय वायूवर आदळून जे दुय्यम पॉझिट्रॉन निर्माण होतात, त्यांचे इलेक्ट्रॉनांशी असलेले प्रमाण ऊर्जेबरोबर घटत जावे अशी अपेक्षा होती. पामेलास सुमारे १० अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पुढे ते वाढतच जाताना दिसले. फर्मी उपग्रहाने स्वतःजवळ चुंबक नसताही पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचाच चाळणीसारखा उपयोग करून २०१२ मध्ये या वाढीस दुजोरा दिला. अंतराळस्थानकावर २०११ मध्ये बसविलेल्या एएमएस या चुंबकीय वर्णपटमापकाने सॅम्युएल टिंग यांच्या नेतृत्वाखाली फार मोठ्या संख्येने पॉझिट्रॉन टिपले, आणि २०१९ मध्ये असे दाखवून दिले की ही वाढ सुमारे २८४ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत पोहोचून नंतर पॉझिट्रॉनांची संख्या झपाट्याने घसरते. या घसरणीचे माप सुमारे ८१० अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचे आहे. विशिष्ट वस्तुमानाचा कण विलोप पावत असेल तर त्या वस्तुमानाच्या पलीकडे पॉझिट्रॉन मिळणार नाहीत. त्यामुळे ही घसरण पाहून अनेकांच्या आशा पल्लवित झाल्या.

परंतु पॉझिट्रॉनांचा दुसरा कारखाना आकाशात अगोदरच उभा आहे. वेगाने फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, म्हणजे पल्सारांच्या, प्रबळ क्षेत्रांत इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनांच्या जोड्या विपुल प्रमाणात निर्माण होतात. पॉझिट्रॉनांची ऊर्जा प्रवासात लवकर खर्च होते, म्हणून उगम जवळचाच असला पाहिजे, आणि जेमिंगासारखे पल्सार त्या मानाने जवळच आहेत. २०१७ मध्ये मेक्सिकोतील हॉक वेधशाळेस जेमिंगा व त्याच्या शेजारच्या एका पल्सारभोवती अतिउच्च ऊर्जेच्या गॅमा किरणांचे विस्तृत वलय दिसले. पल्सारांतून असे कण बाहेर पडतात हे त्यावरून सिद्ध झाले. पण ते इतके हळू पसरताना दिसले की पृथ्वीपर्यंत पुरेशा संख्येने पोहोचणार नाहीत, असा वेधशाळेचा निष्कर्ष निघाला. एकाच निरीक्षणाने पल्सारांच्या बाजूने व विरुद्ध अशी दोन्ही प्रकारची साक्ष दिली म्हणावयाची. ही मंदगती केवळ त्या वलयापुरती असून वाटेत सर्वत्र तशी नसावी, असे उत्तर इतरांनी दिले व आज बहुतेकांचा कल त्याच बाजूस आहे. रामनाथ कौशिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तिसराच विचार मांडला : विश्वकिरण आपल्या उगमाभोवती किती काळ रेंगाळतात याविषयीची गृहीते बदलली, तर सर्व पॉझिट्रॉन दुय्यमच ठरू शकतात व नव्या उगमाची गरज राहत नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेल्या या शास्त्रज्ञाने १९७२-७३ मध्ये मॅक्लेलंड यांच्यासह, न्यूट्रिनोला वस्तुमान असल्यास त्यांच्या गुरुत्वाकर्षणाने दीर्घिकासमूहांतील अदृश्य वस्तुमानाचा उलगडा होईल अशी कल्पना मांडली होती. न्यूट्रिनो त्या कामास फारच हलके असल्याचे पुढे ठरले, परंतु कृष्णद्रव्य म्हणजे विद्युद्भाररहित मूलकण ही विचाराची दिशा तेथून रूढ होत गेली.

कृष्णद्रव्याच्या पक्षाला खरा धक्का मात्र वेगळ्याच बाजूने बसला. पॉझिट्रॉनांचे आधिक्य विलोपनाने समजवावयाचे तर विलोपनाचा वेग साठ्यासाठी लागणाऱ्या वेगाच्या शेकडो पट घ्यावा लागतो. इतक्या जोमाचे विलोपन विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना व त्यानंतरही चालू राहिले असते, आणि त्याने नुकत्याच बनलेल्या हायड्रोजन अणूंचे पुन्हा आयनीभवन करून पार्श्वप्रारणाची नोंद पुसट केली असती. प्लांकच्या मापनांत तशी पुसटता नाही. शिवाय पॉझिट्रॉनांच्या प्रमाणात प्रतिप्रोटॉनही वाढावयास हवे होते. तसे ते वाढलेले नाहीत, म्हणून केवळ हलक्या कणांतच विलोप पावणारे कृष्णद्रव्य कल्पावे लागते. पार्श्वप्रारणाचा आक्षेप टाळण्यासाठी वेगावर अवलंबून राहणारे विलोपन मानता येते. पण एका आधिक्यासाठी इतक्या जोडण्या कराव्या लागल्या की उपपत्तीची भूल उतरते. पॉझिट्रॉनांच्या साक्षीवर आज कृष्णद्रव्याला दोषी धरणे कठीण आहे.

आकाशगंगेच्या मध्यभागातून येणाऱ्या ५११ हजार इलेक्ट्रॉन व्होल्टच्या रेषेची कथाही याच वळणाची आहे. ती १९७० च्या दशकात बलूनमधील उपकरणांना आढळली. पुढे इंटिग्रल उपग्रहाने तिचा नकाशा काढला. तेथे दर सेकंदास १ वर ४३ शून्ये दिल्यास होते तितक्या संख्येच्या सुमारास पॉझिट्रॉन नष्ट होत आहेत. २००४ मध्ये हलक्या कृष्णद्रव्याने याचा उलगडा करण्याचा प्रयत्न झाला. मृत ताऱ्यांतील किरणोत्सर्गी मूलद्रव्ये व जोडताऱ्यांतील उगम हेही दावेदार आहेत, व वाद मिटलेला नाही.

आता दुसरी वाट. तिचा प्रारंभ एका अंकापासून होतो. कृष्णद्रव्य साध्या द्रव्याच्या सुमारे ५.४ पट आहे. हा आकडा इतका लहान का? पहिल्या वाटेने विचार केला तर त्याला काहीच कारण नाही. कृष्णद्रव्याचा साठा विलोपनाच्या वेगावर ठरला. साध्या द्रव्याचा साठा मात्र तसा ठरलेला नाही. प्रोटॉन व प्रतिप्रोटॉन समसमान असते तर त्यांचे विलोपन इतके जोमाचे आहे की आज आहे त्याच्या एक अब्जांशही द्रव्य उरले नसते. ते उरले याचे कारण, प्रारंभी दर सुमारे १ अब्ज प्रतिकणांमागे एखादाच कण अधिक होता. बाकी सर्व जोड्यांचा लोप झाला व हा जादा कण तेवढा उरला. आजही दर प्रकाशकणामागे प्रोटॉन-न्यूट्रॉनांचे प्रमाण १० अब्जात सुमारे ६ आहे. हे असंतुलन कसे घडले असावे त्याच्या अटी आंद्रेई साखारोव्ह यांनी १९६७ मध्ये सांगितल्या : बॅरिऑन-संख्येची अक्षय्यता भंगली पाहिजे, द्रव्य व प्रतिद्रव्य यांच्या वागणुकीत भेद असला पाहिजे, आणि हे सर्व औष्णिक समतोल ढळलेला असताना घडले पाहिजे. दुसऱ्या अटीतील भेद १९६४ मध्ये क्रोनिन व फिच यांना के-मेसॉनांत आढळलाच होता, आणि २०२५ मध्ये सर्न येथील एलएचसीबी प्रयोगाने तो एका बॅरिऑनच्या क्षयातही दाखवून दिला. परंतु सध्याच्या प्रमाणभूत सिद्धांतात बसणारा हा भेद विश्वातील असंतुलनास फारच अपुरा आहे.

म्हणजे एका द्रव्याचा साठा विलोपनाच्या वेगाने ठरला, दुसऱ्याचा एका अगम्य असंतुलनाने. दोन अगदी वेगळ्या कारणांनी ठरलेल्या राशी लक्षावधी पटींनी भिन्न निघाल्या असत्या तरी नवल नव्हते. त्या पाचपटींच्या अंतरात याव्यात हा योगायोग मानावयाचा, की दोहोंचे मूळ एक आहे असे समजावयाचे? दुसरा पर्याय स्वीकारणाऱ्यांचे म्हणणे असे की, कृष्णद्रव्यातही कण व प्रतिकण वेगळे होते, तेथेही एकाच बाजूचे आधिक्य निर्माण झाले, आणि बाकीच्या जोड्यांचा लोप होऊन ते आधिक्यच कृष्णद्रव्य म्हणून शिल्लक राहिले. या विचाराचे बीज श्मुएल नुसिनोव्ह यांच्या १९८५ च्या लेखात सापडते. २००९ मध्ये कॅप्लन, ल्यूटी व झुरेक यांनी त्याला आजचे रूप दिले. दोन्हीकडील शिल्लक कणांची संख्या सारखी असेल तर वस्तुमानाचे गुणोत्तर सरळ प्रत्येक कणाच्या वस्तुमानाचे गुणोत्तर होते, आणि कृष्णद्रव्याचा कण प्रोटॉनच्या सुमारे पाचपट भारी असावा एवढे साधे भाकीत हाती येते.

याच वाटेवर एक पाऊल पुढे टाकले की मूळ शंकेला अनपेक्षित बळ मिळते. दावूदियास्ल, मॉरिसी, सिगर्डसन व टुलिन यांनी २०१० मध्ये अशी मांडणी केली की, आद्य विश्वातील एका जड कणाचा क्षय होताना दृश्य बाजूस जितकी बॅरिऑन-संख्या पडली, बरोबर तितकीच प्रतिबॅरिऑन-संख्या अदृश्य बाजूस पडली. एकूण बेरीज शून्य. साखारोव्ह यांच्या पहिल्या अटीची येथे गरजच उरत नाही, कारण विश्वाची एकंदर बॅरिऑन-संख्या कधी बदललीच नाही. तिची फक्त वाटणी झाली. या अर्थाने हरवलेले प्रतिद्रव्य हरवलेले नसून कृष्णद्रव्याच्या अंगी आहे. अर्थात हे प्रतिद्रव्य म्हणजे प्रतिप्रोटॉन नव्हे. ते विद्युद्भाररहित, वेगळ्या जातीचे कण होत. प्रतिप्रोटॉनाशी त्यांचे साम्य केवळ हिशेबातील उणे चिन्हापुरते.

आणखी एक उपपत्ती याहून धीट आहे. एरियल झिटनिट्स्की यांनी २००३ पासून असे सुचविले आहे की, आद्य विश्वात क्वार्क एकत्र बांधले जात असताना द्रव्याचे व प्रतिद्रव्याचे अत्यंत घन गोळे बनले असावेत, आणि तेच कृष्णद्रव्य असावे. येथे प्रतिद्रव्य खरोखरीचे प्रतिद्रव्य आहे. मग वर दिलेले आक्षेप? ते सर्व विखुरलेल्या प्रतिद्रव्यास लागू पडतात. गोळा मोठा झाला की त्याचे वस्तुमान आकारमानाबरोबर वाढते, पण बाहेरच्या द्रव्याला भिडणारा पृष्ठभाग त्या मानाने फार कमी वाढतो. शिवाय ठरावीक वस्तुमानात असे गोळे संख्येने फार थोडे मावतात. त्यामुळे विलोपन क्वचित होते आणि गोळे प्रकाशालाही जुमानीत नाहीत. हिशेबही पाहण्यासारखा आहे. दृश्य द्रव्य १ भाग, द्रव्याचे गोळे २ भाग व प्रतिद्रव्याचे गोळे ३ भाग मानले, तर बॅरिऑनांची बेरीज शून्य येते आणि अदृश्याचे दृश्याशी प्रमाण ५ ला १ पडते. आकडे जुळतात एवढ्यावरून उपपत्ती खरी ठरत नाही, हे सांगावयास नकोच. गोळे बनण्याची व नंतरच्या उष्णतेत टिकून राहण्याची प्रक्रिया अद्याप पूर्णपणे सिद्ध झालेली नाही, आणि असा एकही गोळा कोणी पाहिलेला नाही. तथापि प्रतिद्रव्य कृष्णद्रव्य असूच शकत नाही, हे विधान किती सांभाळून करावयास हवे ते या उदाहरणावरून ध्यानात येते.

दोन वाटा परस्परविरोधी कशा, हे आता स्पष्ट होईल. पहिल्या वाटेने कृष्णद्रव्य आजही विलोप पावते व आकाशात प्रतिकण पेरते; पाचास एक हे प्रमाण मात्र तेथे निव्वळ योगायोग ठरते. दुसऱ्या वाटेने ते प्रमाण सार्थ होते, पण कणांना लोप पावण्यास जोडीदारच उरलेला नसल्यामुळे विश्वकिरणांतील प्रतिकणांची साक्ष मिळण्याची आशा सोडावी लागते. विश्वकिरणांत एखादे निर्विवाद आधिक्य सापडले तर साध्या स्वरूपातील दुसरी वाट बंद होईल.

साक्ष नसलेल्या दुसऱ्या वाटेची परीक्षा मग कशी घ्यावयाची? कृष्णद्रव्यात प्रतिबॅरिऑन-संख्या साठलेली असेल तर त्याचा कण एखाद्या प्रोटॉनवर किंवा न्यूट्रॉनवर आदळून त्याचा नाश करू शकेल. जपानमधील सुपर-कामिओकांडे येथे ५० हजार टन पाण्यात प्रोटॉनच्या क्षयाचा शोध चालू आहे. त्याच टाकीत हा प्रकारही क्षयासारखाच दिसेल, फक्त बाहेर पडणाऱ्या मेसॉनांची ऊर्जा निराळी असेल. अद्याप असे काही आढळलेले नाही. बी-मेसॉनांच्या क्षयात एक बॅरिऑन दिसावा व त्याचा जोडीदार अदृश्य व्हावा, अशा घटनांचाही शोध जपानमधील बेल व अमेरिकेतील बाबर या प्रयोगांच्या साठविलेल्या नोंदींत घेण्यात आला. तेथेही फक्त वरच्या मर्यादाच मिळाल्या. प्रोटॉनच्या पाचपट वस्तुमानाचा कण झेनॉनच्या जड अणुगर्भावर आदळला तर त्यास फारच हलका धक्का बसतो, म्हणून मोठमोठ्या झेनॉन-टाक्यांना तो टिपणे अवघड जाते. हलक्या मूलद्रव्यांचे स्फटिक वापरणारे प्रयोग याच कारणाने चालविले जातात.

या दोन वाटांच्या बाहेरचा एक प्रयोगही उल्लेखनीय आहे. कृष्णद्रव्य अत्यंत हलक्या अ‍ॅक्सिऑनसारख्या कणांचे बनलेले असून त्याची ओढ द्रव्यापेक्षा प्रतिद्रव्याकडे अधिक असेल काय, हे पाहण्यासाठी सर्न येथील बेस गटाने सापळ्यात ठेवलेल्या प्रतिप्रोटॉनाच्या फिरकीच्या आवर्तनांची नोंद तपासली. त्या आवर्तनांत ठरावीक काळाने चढउतार आढळला नाही असे २०१९ मध्ये जाहीर झाले. कृष्णद्रव्याची परीक्षा प्रतिद्रव्यावर घेण्याचा हा पहिलाच प्रयत्न होता, आणि नकारात्मक उत्तरामुळे त्याचे महत्त्व कमी होत नाही.

पहिल्या वाटेवरची उरलेली आशा पॉझिट्रॉनांवर नसून जड प्रतिकेंद्रकांवर आहे, आणि येथे बेव्हॅट्रॉनचे गणित पुन्हा कामास येते. स्थिर प्रोटॉनवर दुसरा प्रोटॉन आदळून प्रतिप्रोटॉन निर्माण व्हावयाचा तर बॅरिऑन-संख्या राखण्यासाठी शेवटी तीन प्रोटॉन व एक प्रतिप्रोटॉन असे चार कण उरले पाहिजेत; त्यासाठी आदळणाऱ्या प्रोटॉनची एकूण ऊर्जा त्याच्या स्थिर-ऊर्जेच्या ७ पट लागते. प्रतिड्यूटेरॉनसाठी सहा कण लागतात आणि ही ऊर्जा १७ पटीवर जाते. प्रतिहेलियम-३ साठी आठ कण, म्हणजे ३१ पट. इतक्या ऊर्जेचे विश्वकिरण विरळ असतात, शिवाय आघातातून निर्माण झालेला प्रतिकण आदळणाऱ्या प्रोटॉनच्या वेगाने पुढे फेकला जातो. म्हणून दुय्यम प्रतिड्यूटेरॉन थोडे, आणि मंदगतीचे तर जवळजवळ नाहीतच. कृष्णद्रव्याचे कण मात्र जवळजवळ स्थिर असताच विलोप पावतात, तेव्हा त्यांपासून होणारे प्रतिड्यूटेरॉन मंद असू शकतात. मंद प्रतिड्यूटेरॉनच्या क्षेत्रात गर्दीच नसल्यामुळे तेथे मोजके कण सापडले तरी त्यांना अर्थ राहील. दक्षिण ध्रुवप्रदेशावरील बलूनसाठी रचलेले गॅप्स हे उपकरण याच शोधासाठी आहे. त्यात मंद प्रतिकण लक्ष्यातील अणूत अडकून क्षणभर एक विलक्षण अणू बनवितो व त्यातून निघणारे क्ष-किरण आणि पायॉन यांवरून त्याची जात ओळखता येते.

प्रतिहेलियमच्या बाबतीत प्रकरण अधिक गूढ आहे. एएमएस गटाने प्रतिहेलियमसारख्या दिसणाऱ्या काही मोजक्या नोंदींचा उल्लेख २०१६ पासून व्याख्यानांत केला आहे. सर्न येथील अ‍ॅलिस प्रयोगाने २०२२ मध्ये प्रतिहेलियम-३ द्रव्यात किती शोषले जाते ते मोजून असे दाखविले की, कृष्णद्रव्यापासून निर्माण झालेल्या अशा केंद्रकांपैकी सुमारे निम्मी आकाशगंगेतून पार होऊन पृथ्वीजवळ पोहोचू शकतील. वाट मोकळी आहे खरी. परंतु कृष्णद्रव्याच्या नेहमीच्या उपपत्तींतून मिळणारी संख्या त्या नोंदींना पुरत नाही, आणि त्यांतील काही प्रतिहेलियम-४ च्या असतील तर मुळीच पुरत नाही. चार प्रतिकण एकत्र बांधण्याची सोय विलोपनात नाही. ती ताऱ्यांत असते, किंवा विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत होती. म्हणून त्या नोंदी खऱ्या ठरल्यास शोध कृष्णद्रव्याकडे न वळता, गॅमा-उगमांच्या सूचीत बाजूला काढून ठेवलेल्या त्या १४ नावांकडे वळेल.